क्रम्प घराण्याची ओढणी

लेकीच्या लग्नाच्या दिवशी बापाने कामावर जाऊ नये, हे हॉरेस टॅन्सलीला कळत नव्हतं असं नाही. पण लंडनमध्ये रेकॉर्डिंगचं बोलावणं आलं की गिटारवाल्याने नाही म्हणायचं नसतं. एकदा नाही म्हटलं की फोन दुसऱ्याच्या घरी वाजायला लागतो, आणि मग तिथेच वाजत राहतो.

"लग्न तीनला आहे. मी एकला मोकळा होतो," तो बायकोला म्हणाला.

"हं," मेव्हिस म्हणाली. हा "हं" हॉरेसच्या चांगल्या ओळखीचा होता. तो ऐकल्यावर चर्चा करायची नसते.

खरी अडचण वेगळीच होती. हॉरेसची गिटार पोकळ, मोठ्या पोटाची, नाचाच्या बँडच्या जमान्यातली. दिव्याखाली टाय लावून हळुवार वाजवायची वस्तू. आता रॉक अँड रोल आलं होतं, आणि आवाज वाढवणारा खोका तिच्याशेजारी पूर्ण ताकदीने लावला की ती आपोआप घुमायला लागे. मागच्या खेपेला तर गाण्याच्या ऐन मध्यात तिने असा गळा काढला की कोपऱ्यावरच्या खाटकाचा कुत्रा उत्तर द्यायला लागला. रेकॉर्ड कंपनीचा तरुण साहेब, मिस्टर फेन्विक, काचेमागून बाहेर आला आणि फार नम्रपणे म्हणाला, "मिस्टर टॅन्सली, पुन्हा ही भुंकली तर मला भरीव लाकडाची गिटार वाजवणारा बघावा लागेल."

यावरचा उपाय धंद्यात सगळ्यांना माहीत होता. गिटारीच्या पोटात कापड कोंबायचं. हॉरेसने आधी मोजे कोंबून पाहिले. भुंकणं थांबलं, पण आवाजही मोज्यांसारखाच यायला लागला.

"मोजे कसले कोंबतोस?" खर्जाची बास वाजवणारा आल्फ म्हणाला होता. "झिरझिरीत काहीतरी घाल. तिला श्वास तर घेऊ दे."

म्हणून लग्नाच्या सकाळी, घर झोपेत असताना, हॉरेसने गरम पाण्याच्या टाकीजवळचं कपाट उघडलं. वरच्या फळीवर पातळ कागदात गुंडाळलेलं पांढरं जाळीचं कापड होतं. पाहुण्यांसाठी मेव्हिसने पुढच्या खोलीला नवे पडदे लावले होते. हा जुना. गिटारीच्या पोटावरच्या वाकड्या खाचेतून लाकडी चमच्याच्या दांड्याने त्याने तो पडदा इंच इंच आत ढकलला आणि शीळ घालत बस पकडली.

काय नाद निघाला त्या दिवशी! जाड, गोल, मऊ. गाणारा पोरगा होता व्हिन्स व्हॉल्केनो. त्याचं खरं नाव नॉर्मन, आणि मागच्या वर्षापर्यंत तो मासळीच्या दुकानात होता. त्यानेही कंबर हलवायची थांबवून मागे वळून पाहिलं. काचेमागे मिस्टर फेन्विक चक्क हसला. दोन गाणी झाली, चहाची सुट्टी झाली आणि हॉरेसला फोन आला.

"हॉरेस," मेव्हिस म्हणाली, "गरम कपाटात पातळ कागदात काहीतरी गुंडाळलेलं होतं. पाहिलंस का?"

"तो जुना पडदा ना? मीच घेतला. अगं, असला उपयोगी पडला म्हणून सांगू!"

तिकडून तोच ओळखीचा "हं" आला.

"मेव्हिस?"

"जुना पडदा इथे माझ्या हातात आहे, हॉरेस. कपाटात मिसेस क्रम्पची ओढणी होती. चुण्या जाव्यात म्हणून ठेवली होती मी."

मिसेस क्रम्प म्हणजे लेकीची, जॉयसची, होणारी सासू. क्रम्प घराण्यातली प्रत्येक नवरी तीच लेसची ओढणी डोक्यावर घेऊन वेदीपर्यंत गेली होती. ती जॉयसच्या हाती देताना बाईंनी तीनदा सांगितलं होतं, "जपून हं. ही फक्त ओढणी नाही."

आता तर ती अजिबातच फक्त ओढणी राहिली नव्हती.

हॉरेस धावत आत आला. सगळ्यांनी कप खाली ठेवले, यावरूनच प्रसंग किती बाका होता ते समजावं. आल्फने कोट टांगायची तार वाकवून आकडा केला. आकडा आत गेला आणि आतच राहिला.

"सरका बाजूला," व्हिन्स व्हॉल्केनो म्हणाला. त्याने चमचमत्या जाकिटाच्या बाह्या वर केल्या. "रोज मणभर मासे साफ करायचो मी. पोटातलं अख्खं बाहेर काढायचं, फाडायचं नाही. ही आपली विद्या."

त्याने खाचेत दोन बोटं घातली, जीभ बाहेर काढली, आणि खरोखरच वीतभर लेस बाहेर आली. टाळ्या पडल्या. मग आतून आवाज आला, टर्र्.

टाळ्या थांबल्या.

"आतल्या पट्टीला अडकलीय," व्हिन्स हळूच म्हणाला. "माशात पट्ट्या नसतात हो."

तेवढ्यात फेन्विक धावत आला. "काढायची नाही! हात लावू नका कोणी! असा आवाज मला पुन्हा कुठे मिळणार? सुट्टी संपली, चला!"

लाल दिवा लागला. हॉरेसने उरलेली दोन गाणी वाजवली. खाचेतून लोंबणारी वीतभर लेस तालावर हलत होती आणि त्याला फक्त लेकीचं उघडं डोकं दिसत होतं.

एक वाजला. हॉरेसने रखवालदाराकडून करवत मागून आणली, गिटार टेबलावर पालथी घातली आणि आल्फला म्हणाला, "काप."

"शुद्धीवर आहेस का? वीस वर्षं तिला पोटच्या पोरीसारखं वागवलंस."

"पोटच्या पोरीचंच आज लग्न आहे, आल्फ. काप. मी तिकडे बघतो."

आल्फने करवत टेकवली. तेवढ्यात फोन वाजला.

"डॅड," जॉयस म्हणाली, "आईने सांगितलं. तुम्ही आता गिटार कापायला काढली असेल. काढलीय ना?"

"नाही, नाही. म्हणजे... नुसती करवत आणलीय."

"ती खाली ठेवा. लहानपणी मला झोप त्या गिटारीनेच लागायची. तिला कापून मी लग्न करणार नाही. इकडे मी पडदा डोक्यावर घेऊन बघितला. बरा दिसतो. दांडीच्या नेफ्यात फुलांची वेणीसुद्धा बसली."

"आणि तुझी सासू?"

"फोटोसाठी त्यांनी चष्मा काढून ठेवलाय. तुम्ही या फक्त. आणि गिटार घेऊनच या. ओढणी चर्चमध्ये असायला हवी ना."

तीनच्या ठोक्याला हॉरेस लेकीला घेऊन वेदीकडे निघाला तेव्हा त्याच्या एका हातात जॉयसचा हात होता आणि दुसऱ्या हातात गिटारची पेटी. पाद्रीबुवांनी भुवया उंचावल्या. "वादक माणूस आहे. वाद्य सोडून कुठे जात नाही," मेव्हिसने पहिल्या रांगेतून दामटून सांगितलं. मिसेस क्रम्पनी पडद्याचा काठ बोटांत धरला, डोळे बारीक केले आणि गहिवरून म्हणाल्या, "अशी लेस आता होत नाही." नंतर स्वतःच्या हाताने तो पातळ कागदात गुंडाळून त्या घरी घेऊन गेल्या. आपल्या धाकट्या लेकीच्या लग्नाला लागेल म्हणून.

काही आठवड्यांनी क्रम्पांकडे रविवारचं जेवण होतं. रेडिओवर व्हिन्स व्हॉल्केनोचं गाणं लागलं.

"बंद करा तो धिंगाणा!" मिसेस क्रम्प कडाडल्या. हॉरेसचा जावई उठला, बटणाकडे हात गेला, तेवढ्यात गिटार सुरू झाली. बाईंनी हात वर केला. "थांब जरा."

गिटार संपेपर्यंत त्या मान एकीकडे कलती करून ऐकत राहिल्या.

"पोरगा नुसता ओरडतो," त्या म्हणाल्या. "पण ती गिटार किती घरंदाज वाटते! कुठली आहे हो, मिस्टर टॅन्सली?"

टेबलाखाली जॉयसने बापाच्या पायावर पाय ठेवला.

"तुमच्याकडचीच म्हणायची," हॉरेस म्हणाला, आणि त्याने बटाट्यांचं भांडं पुढे ओढलं.