डॉक्टरांनी बसवलेला आवाज

"माणसाच्या तोंडात जे आयुष्यभर केलं, ते इंजिनाच्या पोटात करायला असं काय मोठं लागतं?" असं डॉक्टर फोल्कमार नेहमी म्हणत. ब्रुनबाख गावात या बोलण्याला कोणी हसत नसे. गावातल्या निम्म्या दाढा त्यांनीच भरलेल्या होत्या आणि त्या अजून जागच्या हलल्या नव्हत्या.

दवाखाना बंद केल्यावर डॉक्टरांनी आपला सगळा जीव गावच्या छोट्या रेल्वेच्या मंडळात ओतला. मंडळ म्हणजे जुन्या मालधक्क्याची लाकडी शेड आणि शेडभर पसरलेलं एक टेबल. टेबलावर डोंगर, बोगदे, पूल, आणि त्यांतून धावणाऱ्या बोटभर उंचीच्या गाड्या. पूर्वी त्या एका काळ्या डब्यावरच्या मुठीने चालत. मूठ फिरवली की रुळात वीज यायची आणि रुळावर जे असेल ते पळत सुटायचं. डॉक्टरांना हा रानटीपणा वाटे. त्यांनी प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप बसवली आणि प्रत्येक चिपला एक नंबर दिला. आता हातातल्या यंत्रावर नंबर दाबला की तेवढंच इंजीन हलायचं. दुसरं बटण दाबलं की शिट्टी, तिसरं दाबलं की वाफेचा फुसफुसाट. मोठ्या दुकानांतल्या चिपा मंडळाला परवडणाऱ्या नव्हत्या. म्हणून डॉक्टर परदेशातून घाऊक, बिननावाच्या चिपा मागवत आणि आवाजासाठी मोडक्या मोबाइलमधले नखाएवढे स्पीकर काढून घेत. चिपांसोबत येणाऱ्या कागदावरची जर्मन भाषा अशी असे, की ती वाचून डॉक्टरांच्या पत्नीला, गिझेलाला, हसू आवरत नसे.

या सगळ्याला विरोध होता तो एकट्या लोथारचा. लोथार जन्मभर गावाची छपरं दुरुस्त करत आला होता. एका छपरावरून तो बोलला की दुसऱ्या गल्लीतल्या खिडक्या उघडत. डॉक्टरांचा तो शाळेपासूनचा मित्र.

"रुळात वीज पाहिजे, फोल्कमार," तो म्हणाला होता. "गप्पा नकोत."

"अरे, निदान एकदा ऐकून तर बघ."

"मी इंजीन घेतलंय, रेडिओ नाही."

आणि तो आपलं छोटं काळं इंजीन टोपीत घालून घरी घेऊन गेला. तळघरात त्याने रुळांचं एक साधं कडं मांडलं आणि जुन्या काळ्या डब्यावर ते फिरवत बसू लागला. भांडण असं झालं नाही. रस्त्यात भेटले की दोघे हवापाण्याचं बोलत. लोथार एकदोनदा म्हणालाही, "ये की कधी खाली." डॉक्टर म्हणाले, "येतो." पण गेले नाहीत. पानगळीत लोथार आजारी पडला आणि बर्फ पडायच्या आत गेला.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको आनेरोझ डॉक्टरांच्या दारात उभी राहिली. तिच्या हातात ती टोपी होती आणि टोपीत इंजीन.

"डॉक्टर, दफन झाल्यावर कॉफीला सगळे शेडमध्येच जमणार आहेत," ती म्हणाली. "तेव्हा हे एकदा फिरवाल? मला त्याचा आवाज ऐकायचाय हो. घर फार गप्प झालंय."

मित्राचं आपण काही देणं लागतो ही गोष्ट त्यांच्या मनात कधीपासून सलत होती, आणि आता ते फेडायचा रस्ता समोर उघडला होता.

"आनेरोझ," ते म्हणाले, "असा आवाज ऐकवतो की शेडमध्ये खरी गाडी आली असं वाटेल तुला."

ती काहीतरी बोलणार होती, पण तोवर डॉक्टर भिंग शोधायला आत गेलेसुद्धा.

त्यांनी इंजीन उघडलं आणि कपाळाला हात लावला. आत लोथारने घातलेलं शिलाई मशीनचं तेल गोठून बसलं होतं. मोटारीखालच्या दातेरी चाकाचा एक दाता तुटलेला होता. चाक फिरलं की दर फेऱ्याला तिथे अडखळायचं आणि कट् असा आवाज करायचं. "इतकी वर्षं याने हे असं चालवलं," डॉक्टर गिझेलाला म्हणाले. "किडका दात घेऊन हिंडावं तसं." त्यांनी सगळं धुऊन काढलं, नवं चाक बसवलं, जुनं कचऱ्यात टाकलं, पोटात जागा कोरून चिप आणि स्पीकर बसवला. आता इंजीन लोण्यावरून सुरी फिरावी तसं निमूट चालू लागलं आणि त्या शांततेवर स्पीकरमधला फुसफुसाट उमटू लागला. शिट्टी वाजली तेव्हा गिझेलाने हातातली कपबशी खाली ठेवली.

"छान आहे," ती म्हणाली. "पण तिला हेच हवं होतं का? नीट विचारलंत?"

"आवाज हवा होता. आवाज दिला. आणखी काय विचारायचं?"

दफनाच्या दिवशी शेड काळ्या कपड्यांनी भरून गेली. टेबलाच्या कडेने खुर्च्या मांडल्या होत्या. खसखशीचे मोठाले केक कापून ठेवले होते, आणि जागा पुरेना म्हणून त्यांतलं एक ताट थेट टेबलाच्या दोन टोकांना जोडणाऱ्या पुलाखालच्या स्टुलावर गेलं होतं. पास्टरबाई बोलायला उभ्या राहिल्या. डॉक्टर हातात यंत्र धरून टेबलाच्या टोकाला उभे होते. मंडळाचा खजिनदार उवे त्यांच्या बाजूला होता.

"डॉक्टर," उवे कुजबुजला, "याचा नंबर किती?"

"तीन. नवी चिप तीनच नंबर घेऊन येते."

"तीन नंबर तर बर्फ काढणाऱ्या गाडीचा आहे. ती बोगद्यात उभी आहे."

पास्टरबाईंचं बोलणं संपत आलं होतं. नंबर बदलायला क्षणभर पुरे. पण त्यासाठी इंजीन उचलून बाजूच्या सुट्या रुळावर एकटं ठेवायला हवं, कारण बदलाचा हुकूम रुळावर जे जे इंजीन असेल ते ते ऐकतं. हे डॉक्टरांनी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर टांगलं होतं. परंतु आनेरोझ इंजिनाकडे एकटक बघत होती. ऐन प्रार्थनेत ते तिच्यासमोरून उचलणं काही डॉक्टरांच्याने होईना. त्यांनी इंजीन होतं तिथेच ठेवून नवा नंबर दिला. बटण दाबलं. यंत्राने हिरवा दिवा दाखवला. बोगद्यात, यार्डात, स्थानकात उभ्या असलेल्या मंडळाच्या एकूण एक इंजिनाने तो नंबर मुकाट्याने आपला म्हणून घेतला, हे यंत्र कशाला सांगेल?

"आपली श्रद्धा सांगते," पास्टरबाई शेवटी म्हणाल्या, "की लोथारचा प्रवास इथे संपलेला नाही."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. डॉक्टरांनी हलकेच गोल बटण फिरवलं.

लोथारचं इंजीन फुसफुसत निघालं. आनेरोझने मान वर केली. डॉक्टरांना क्षणभर वाटलं, जमलं. मग बोगद्यातून बर्फाची गाडी बाहेर आली. तिच्यामागून मालगाडी. यार्डातून तीन डिझेलं एकमेकांना ढकलत मुख्य रुळावर आली. आणि स्थानकात उभी असलेली लाल प्रवासी गाडी निघता निघता, ज्या बटणाला डॉक्टरांचा अंगठा घाबरून लागला होता त्याचं ऐकून, स्वच्छ बायकी आवाजात म्हणाली, "हे शेवटचं स्थानक आहे. गाडी पुढे जाणार नाही. सर्व प्रवाशांनी कृपया उतरून घ्यावं."

मागच्या रांगेतले एक आजोबा, ज्यांना अर्धंच ऐकू येई, उठून कोट घालू लागले.

"थांबवा," उवे म्हणाला.

"थांबवतोय."

डॉक्टरांनी बटण शून्यावर आणायला उलटं फिरवलं, पण घामेजल्या हातातून ते निसटून पलीकडच्या टोकाला गेलं. सगळ्या गाड्या दुप्पट वेगाने पळू लागल्या. त्यांनी लाल बटण दाबायला बोट नेलं ते शिट्टीवर पडलं, आणि झाडून साऱ्या इंजिनांनी एका सुरात शिट्टी फुंकली. उवेने टेबलाखाली शिरून भिंतीतला प्लग उपटला. तो कॉफीच्या यंत्राचा होता. त्याने दुसरा उपटला तेव्हा दिवे गेले. काळोखात गाडीबाईने पुन्हा एकदा सगळ्यांना उतरून घ्यायला सांगितलं. मग पुलावर मोठा आवाज झाला, काहीतरी खाली पडलं आणि उवेला एकदाचा खरा प्लग सापडला.

दिवे लागले तेव्हा पुलावर डब्यांचा ढीग होता. लोथारचं इंजीन खालच्या स्टुलावरच्या केकमध्ये नाक खुपसून उभं होतं.

लोक आनेरोझचा हात हातात घेत, डॉक्टरांकडे न बघता एकेक करून बाहेर पडले. डॉक्टरांना कोणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं.

आनेरोझने इंजीन उचललं, रुमालाने खसखस पुसली आणि ते कानाशी धरून अंगठ्याने चाक फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"याचा आवाज कुठे गेला, डॉक्टर?"

"स्पीकर स्वस्तातला आहे. केक आत गेला असेल. मी उद्या..."

"स्पीकरचं नाही म्हणत मी. याचा. कट् कट् असा यायचा." ती खुर्चीवर बसली. "मी वर स्वयंपाकघरात असायची आणि लोथार खाली. जमिनीतून आवाज यायचा. कट्, कट्, कट्. तो थांबला की मी सूप गरम करायला ठेवायची. हा हात धुऊन वर येईपर्यंत ते तयार असायचं. शेवटी शेवटी त्याला पायऱ्या उतरवत नव्हत्या, तरी जायचा. तेवढंच एकदा ऐकायचं होतं."

डॉक्टर तिच्यासमोर उभे राहिले. लोथारचं ते चाक कचऱ्याच्या गाडीतून केव्हाच गेलं होतं. मित्राच्या घरातला शेवटचा आवाज आपण तेलपाणी करून, धुऊनपुसून, घालवला, हे त्यांच्या लक्षात आलं. या वयात त्यांना पहिल्यांदाच आपल्या हाताची लाज वाटली.

"मला थोडे दिवस दे," एवढंच ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी चिप काढली, स्पीकर काढला, मोटारीच्या तारा पूर्वीसारख्या थेट जोडल्या. मग नवं चाक चिमट्यात धरलं आणि परत खाली ठेवलं.

"काय झालं?" गिझेलाने विचारलं.

"धडधाकट दात उपटायचाय," डॉक्टर म्हणाले. "असा आजवर कधी उपटला नाही."

"मग भूल द्या आणि उपटा," गिझेला म्हणाली आणि दिवा जवळ ओढून धरला.

डॉक्टरांनी दाता तोडला. इंजीन जोडून चालवलं. आवाज आला, पण टिक् टिक् असा, घड्याळासारखा सभ्य. तेल पुसून काढलं, तेव्हा थोडा खडबडीत झाला. शिलाई मशीनचं तेल आणून घातलं आणि वर चिमूटभर धूळ टाकली, तेव्हा कुठे त्यात लोथार आल्यासारखा वाटला.

रविवारी दुपारी ते लोथारच्या घरी गेले. आनेरोझ वर बटाटे सोलत बसली आणि डॉक्टर एकटेच तळघरात उतरले. रुळांचं कडं तसंच होतं. शेजारी दोन स्टुलं होती. एकाची बैठक घासून गुळगुळीत झाली होती, दुसऱ्यावर कोणी कधी बसलेलं दिसत नव्हतं. डॉक्टर त्या दुसऱ्यावर बसले. इंजीन रुळावर ठेवलं आणि काळ्या डब्याची मूठ फिरवली.

कट्. कट्. कट्.

"येतंय का ऐकू?" त्यांनी वर बघून विचारलं.

"येतंय," वरून आनेरोझ म्हणाली.

इंजीन फिरत राहिलं. डॉक्टरांनी डोळे पुसले. फुसफुसाट नाही, शिट्टी नाही, नंबर नाही. बरं वाटत होतं.

"पण डॉक्टर," वरून आवाज आला, "इतक्या वेळात एकदा तरी ते रुळावरून घसरायचं."

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि वळणावर इंजिनाला बोटाने हळूच ढकललं. ते आडवं झालं.

"घसरलं," ते म्हणाले.

"मग काहीतरी बोला ना. तो बोलायचा."

डॉक्टर चर्चच्या समितीवर होते. पेशंटने बोट चावलं तरी त्यांच्या तोंडून 'अरेरे'च्या पलीकडे काही गेलं नव्हतं. त्यांनी जिन्याकडे पाहिलं, शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"च्यायला," ते म्हणाले.

वर बटाट्यावरची सुरी थांबली.

"हे पहिल्या पायरीपर्यंतसुद्धा पोचलं नाही," आनेरोझ म्हणाली. "तोंड मोठं उघडा, डॉक्टर."