नानांचं टू-स्ट्रोक

आमच्या धरणगावात नाना मिस्त्री गवत कापायच्या मशीनशी जेवढं बोलतात, तेवढं माणसांशी बोलत नाहीत. मशीन टेबलावर ठेवलं की दोरी ओढतात. ते किंचाळायला लागलं की डोळे मिटून मान हलवतात अन् सांगतात, "याना घसामा कचरा शे." घसा म्हणजे कार्बोरेटर. उघडून बघावं तर कचरा असतोच. नाना मिस्त्री हे काही त्यांचं खरं नाव नाही. का बदललं, ते कळेल.

मी त्यांचा शेजारी. चौथी नापास, पण मशीनचा भारी शौक. पहिलं मशीन जुनंच घेतलं होतं, टू-स्ट्रोक. विकणारा म्हणाला पेट्रोलवर चालतं, मी पेट्रोल टाकलं. अर्धा बांध कापला अन् मशीननं जीव सोडला.

नानांनी विचारलं, "ऑइल कितलं मिसाडं?"

"कोणतं ऑइल?"

"त्यानी बाटली दिन्ही व्हती का नही?"

दिली होती. त्या बाटलीतनं मी आठवडाभर घरातल्या बिजागऱ्यांना तेल घातलं होतं. दारं मस्त चालत होती. मशीन मेलं होतं.

नानांनी कपाळाला हात लावला. "अरे, टू-स्ट्रोक म्हनजे खिचडी. पेट्रोल, ऑइल, बठ्ठं एकाच भांडामा. तू त्याले कोरडं खावाडं!"

"मग फोर-स्ट्रोक?"

"ते ताट. वरण अलग, भात अलग. अन् त्यानं नाव माले सांगू नको. मुकं जनावर ते!"

फोर-स्ट्रोकवर नानांचा एवढा राग का, कुणालाच कळायचं नाही. आवाज कमी, धूर कमी, ऑइलची जागा वेगळी. नवी मशीनं बरीचशी तसलीच यायला लागली. पण कुणी घेऊन आलं की नाना दारातूनच म्हणायचे, "जयगावले ली जा." गिऱ्हाईक बिचारं जळगावची बस धरायचं. नानांच्या टेबलावर हळूहळू धूळ बसायला लागली.

गाव म्हणायचं, म्हातारा अकडू आहे. मीही म्हणायचो. कारण अक्का, म्हणजे त्यांची बायको, आतल्या दारातून बारीक आवाजात "अहो, चहा" म्हणायच्या, दोनदा, तीनदा, अन् नाना ढुंकून बघायचे नाहीत. शेवटी अक्का कप घेऊन यायच्या, टेबलावर दोन बोटं टकटक वाजवायच्या, तेव्हा साहेबांची मान वर. काय रुबाब! मी घरी तसं करून बघितलं. चहा तर गेलाच, रात्रीची भाजीही मला माझी वाढून घ्यावी लागली.

यंदा मी नवं मशीन घेतलं, फोर-स्ट्रोक. आता मी काही पूर्वीचा अडाणी नव्हतो. पेट्रोलमध्ये ऑइल नीट मिसळलं. मग ऑइलचं वेगळं बूच दिसलं, तिथंही भरलं. म्हटलं, कमी नको पडायला. दोरी ओढली अन् असा पांढरा धूर निघाला, की शेजारच्या कपाशीत निंदणाऱ्या बाया पळाल्या. एक जण घागर घेऊन माझं शेत विझवायला आला.

जळगावला जाऊन अनोळखी माणसाचं हसू ऐकण्यापेक्षा ओळखीच्या शिव्या बऱ्या, म्हणून भरदुपारी, कुणी नसताना, नानांकडे गेलो.

"याले मी हात लावत नही."

"नाना, बांधावर गवत कमरेएवढं झालंय. चूक मशीनची नाही, माझी आहे."

हे मात्र त्यांना पटलं. टाकी रिकामी केली, जास्तीचं ऑइल काढलं, प्लग पुसला, साधं पेट्रोल भरलं. दोरी ओढली. मशीन चालू झालं, हलकं, शिस्तीत.

नानांनी परत दोरी ओढली.

"नाना, चालू आहे!"

त्यांनी तिसऱ्यांदा ओढली. मला हसू आलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष टेबलावरच्या सुट्या लोखंडी वायसरकडे गेलं. ते थरथरत होतं. नानांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, अन् मी हसू आवरलं.

त्यांनी लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, घेतला. टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे. मग चेहरा उजळला.

"बोलस रे! हाई बी बोलस!"

मशीन बंद करून ते स्टुलावर बसले. मी जवळ सरकून मोठ्यानं विचारलं, "कधीपासून?"

"दोन वरीस हुई ग्यात. टू-स्ट्रोक वरडस, ते ऐकू येस. समोरनं बोलनं तोंड देखीसन समजस. कोनले सांगू नको भाऊ. मिस्त्रीना कान ग्यात तं मशीन कोन दी?" मग म्हणाले, "अन् तुनी अक्काले तं बिलकुल नको. जीवले लाई ली. तिना आवाज बी फोर-स्ट्रोक शे. मशीनले पेचकस लावता येस, तिले काय लावू?"

मागून अक्का आल्या. कप ठेवला. टेबलावर दोन बोटं, टकटक. नानांचा तळहात लाकडावरच होता. त्यांनी लगेच वर बघितलं अन् म्हणाले, "हां हां, ऐकू उनं."

मशीन उचलून मी निघालो. फाटकाशी अक्कांनी गाठलं.

"भाऊ, समजनं ना तुमले? पन त्यासले सांगू नका, माले माहीत शे म्हनीसन."

"मग दारातून हाका कशाला मारता?"

"त्या हाका लोकेसकरता. अकडू म्हनोत, पन बहिरा नको."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक. देवानं दोन्ही गुपितं मलाच द्यावीत! निदान नाव तरी बदललं.

नाना आता फोर-स्ट्रोक घेतात. कानामागं पेचकस लावतात, अन् गाव म्हणतं, म्हातारा नवी विद्या शिकला. मी समोर बसलेला असतो. आतून बारीक आवाज येतो, "अहो, चहा." नाना मशीनमध्ये गुंतलेले. कुणी म्हणतं, "काय अकडू माणूस आहे."

मीही म्हणतो, "लई अकडू." अन् कप ठेवायला टेबलावर जागा करून ठेवतो.