सातव्या प्रकरणातली पार्टी

एका कादंबरीकाराची कादंबरी प्रकाशनगृहाने परत पाठवली. कारण एकच होते. सातव्या प्रकरणातली पार्टी तपासणीत मृत आढळली होती.

प्रकाशनगृहात यासाठी रीतसर यंत्रणा होती. मरणाचे, लग्नाचे आणि पार्टीचे प्रसंग छपाईपूर्वी ‘दृश्यसजीवता समिती’पुढे ठेवावे लागत. मरणाचे प्रसंग बहुधा पहिल्या फटक्यात मंजूर होत. लेखकांचा त्यात हात बसलेला असतो. पार्ट्यांचे मात्र वांधे होते.

कादंबरीकार समितीला भेटायला गेला. अध्यक्ष निवृत्त व्याकरणतज्ज्ञ होते आणि गर्दीत त्यांना दम लागत असे. दुसऱ्या सदस्या विक्रीप्रमुख होत्या. त्या पार्ट्यांना जात, पण दारात भेटवस्तू देऊन तिथूनच परत फिरत. या विषयातला दोघांचा अधिकार निर्विवाद होता.

“तुमची माणसं ग्लास धरून नुसती उभी आहेत,” अध्यक्ष म्हणाले. “पार्टी आहे की पाणीवाटप?”

“गप्पा मारताहेत की ती,” कादंबरीकार म्हणाला.

“पूर्णविरामासकट! पार्टीत कोणाचं वाक्य कधी पुरं होतं का हो?”

“शिवाय किमान निकष पाळलेले नाहीत,” विक्रीप्रमुख म्हणाल्या. “एक ग्लास सांडला पाहिजे, एक भांडण झालं पाहिजे आणि एक माणूस बाथरूममध्ये जाऊन रडला पाहिजे. बाई असेल तर उत्तम, पण आग्रह नाही.”

“पण रडायचं कशासाठी?”

“ते तुम्ही बघा. लेखक तुम्ही आहात.”

“तुम्ही स्वतः पार्टीला शेवटचे कधी गेला होता?” अध्यक्षांनी विचारले. कादंबरीकार आठवू लागला. आठवायला लागलेला वेळ हेच उत्तर समजण्यात आले, आणि ‘लेखकाने प्रत्यक्ष पार्टी अनुभवून दृश्य सजीव करावे व फेरसादर करावे’ असा शेरा मारून त्याची बोळवण करण्यात आली.

कादंबरीकाराची बायको दातांची डॉक्टर होती. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून ती घरी येई तेव्हा कादंबरीकार लिहीत असे, म्हणजे तोंड मिटून बसलेला असे. दोघांत कधीच वाद होत नसत. संसार सुरळीत चालला आहे, असा त्याचा त्यावरून समज झाला होता.

“रविवारी संध्याकाळी घरी पार्टी करू या,” तो म्हणाला.

ती चप्पल काढता काढता थांबली. “आपण? माणसं बोलावून?”

“हो.”

“बरं वाटतंय ना तुला?” असे म्हणत ती हसली, आणि स्टुलावर चढून तिने वरच्या कपाटातले ग्लास काढले. लग्नात आलेले ते ग्लास अजून कागदातच होते. ते धुताना ती गुणगुणत होती. पार्टी कशासाठी आहे, हे कादंबरीकाराने तिला सांगितले नाही. ती इतकी खुशीत होती, की सांगायचे राहून गेले, असे तो नंतर म्हणत असे.

सांगितले फक्त मेहुण्याला. भांडणाची जबाबदारी उचलेल असा घरात तेवढाच एक माणूस होता.

“भावोजी, काळजीच सोडा,” मेहुणा म्हणाला. “या कानाचं त्या कानाला कळणार नाही.”

मेहुण्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. रविवार उजाडेपर्यंत सगळ्या पाहुण्यांना ठाऊक झाले होते, की ते पार्टीला नव्हे, तर कादंबरीत चालले आहेत.

वरच्या मजल्यावरचे एक शेजारी आजवर जिन्यात भेटले की फक्त पाण्याच्या टाकीबद्दल बोलत. त्या दिवशी ते गळ्याला रुमाल गुंडाळून आले आणि थेट खिडकीशी जाऊन क्षितिजाकडे पाहू लागले. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. “माझ्यासाठी ‘गूढ’ हा शब्द वापरलात तरी माझी हरकत नाही,” ते कादंबरीकाराच्या कानात कुजबुजले. बायकोची मैत्रीण वकील होती. ती प्रत्येक वाक्य दोनदा म्हणत होती. दुसऱ्यांदा कादंबरीकाराकडे तोंड करून, सावकाश.

शेजाऱ्यांनी ग्लास सांडला तेव्हा कादंबरीकाराला गहिवरून आले. मग वकीलबाईंनी सांडला, जरा जास्त उंचावरून. त्यानंतर कोणीच मागे राहायला तयार होईना. थोड्याच वेळात सतरंजीवरून चालताना पचपच आवाज येऊ लागला.

“भांडायचं कोणाकोणाला आहे?” मेहुण्याने टाळी वाजवून विचारले. सगळ्यांनी हात वर केले. कशावरून भांडायचे, यावर एकमत झाले नाही.

बाथरूमबाहेर रांग लागली.

“काका, तुमचं रडून झालं का?” वकीलबाईंनी दार ठोठावले. “बाहेर माणसं खोळंबलीत.”

“येतच नाहीये हो!” आतून शेजाऱ्यांचा आवाज आला. “जरा दम धरा, आत्ता कुठं सूर लागतोय!”

“मग बाहेर या आणि पुन्हा रांगेत उभे राहा. माझं तयार आहे.”

या सगळ्यात बायकोने आणलेला केक कोणी कापला नाही. कोणी हसलेही नाही. हसणे निकषात नव्हते. पाहुणे कादंबरीकाराकडे बघत होते आणि कादंबरीकार पाहुण्यांकडे बघत होता.

तो स्वयंपाकघरात गेला तेव्हा बायको ओले फडके पिळत होती. मेहुण्याने नुकतेच तिलाही विचारले होते, की ताई, तुझं रडणं कितव्या नंबरला आहे.

“आज किती दिवसांनी तू माझ्याकडे बघत होतास,” ती म्हणाली. “मला वाटलं, मी दिसतेय तुला. तू तर मी ग्लास कसा धरते, ते बघत होतास.”

कादंबरीकाराच्या अंगावर काटा आला. समिती जिला सजीवता म्हणत होती, ती हीच. त्याच्या तोंडून निघून गेले, “परत एकदा म्हण ना. जरा हळू.”

तिने फडके दांडीवर नीट वाळत घातले, पर्स घेतली आणि ती निघाली. दवाखान्याच्या वर तिची एक खोली होती. बाथरूमच्या रांगेने तिला अदबीने वाट करून दिली.

“वा! काय एक्झिट आहे!” शेजारी रुमाल सावरत म्हणाले.

समितीने पार्टी एकमताने मंजूर केली. अध्यक्षांनी फक्त बायकोच्या बोलण्यावर शंका काढली. “बायका इतकं थोडक्यात बोलत नाहीत.”

“बोलतात,” विक्रीप्रमुख म्हणाल्या. “ऐकत कोणी नाही, इतकंच. राहू दे ते. दोन ओळींनी खप काही पडत नाही.”

खप पडला तर नाहीच, उलट वाढला. लोक तशा पार्ट्या करू लागले. यजमान बाथरूमबाहेर खुर्च्या मांडू लागले. ‘मी कोणत्या पानावर आहे?’ हे विचारायला सगळ्या पाहुण्यांचे फोन आले. दातांची डॉक्टर कुठे आहे, हे एकानेही विचारले नाही.

ती कादंबरीकाराचा फोन उचलत नव्हती. शेवटी त्याने पेशंट म्हणून वेळ घेतली. क्षमायाचना त्याने घरूनच पाठ करून नेली होती. तिच्यात उपमाही होत्या.

“आ कर,” ती म्हणाली. त्याच्या गालात तिने इंजेक्शन दिले, कापूस कोंबला, लाळ ओढणारी नळी लावली आणि मग ती बोलू लागली. पार्टीसाठी तिने एक विनोद पाठ केला होता. कपाळावर हात मारून घेत म्हणाली, आरशासमोर चारदा म्हणून पाहिला होता. तो तिने त्याला आता सांगितला. विनोद तसा साधाच होता. कादंबरीकार कापसासकट हसला, त्याला ठसका लागला, आणि त्याची फजिती बघून तीही जराशी हसली.

“दाढ किडलीय,” ती म्हणाली. “परत यावं लागेल.”

त्याने डोळ्यांनी काहीतरी विचारले.

“पेशंट म्हणून ये. बाकीचं नंतर बघू.”

बाहेर सुजल्या गालाच्या एक बाई बाकावर बसून त्याचीच कादंबरी वाचत होत्या. “अय्या, तुम्हीच ना ते?” त्या म्हणाल्या. “काय पार्टी रंगवलीय हो! ती रांग वाचताना तर दाढेचं दुखणंसुद्धा विसरले मी.”

‘आणि बायको जे म्हणते ते?’ असे कादंबरीकाराला विचारायचे होते. बधिर जबड्यातून फक्त “बायओ?” एवढेच आले.

“बायको? ती होती का पार्टीत?” बाईंनी भराभर पाने उलटली. “असेल, असेल. मी जरा घाईत वाचलं. ते काका शेवटी रडतात की नाही, याचीच उत्सुकता लागली होती ना!”

वाचक असेच असतात. अर्थात, हे इतर वाचकांबद्दल. तुमची गोष्ट वेगळी. स्वयंपाकघरात बायको नेमके काय म्हणाली, हे तुम्हाला वर न बघताही सांगता येईल.