मुद्रितशोधकाची चूक

छापखान्याचा फोरमन निवृत्त झाला आणि मुद्रितशोधकाची झोप उडाली. त्या जागेसाठी दोघांची नावं मालकांपुढे होती. एक त्याचं, दुसरं त्याच्याच मेहुण्याचं. यंत्रावरचा मेहुणा फोरमन झाला, तर दिवसभर त्याचे हुकूम ऐकायचे आणि घरी गेल्यावर बायकोच्या तोंडून त्याचं कौतुक. म्हणजे सुटका कुठेच नाही.

बायकोने तर निकाल लावूनच टाकला होता. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, माझा हा धाकटा भाऊ रांगायचा तेव्हा गल्लीतली पोरं त्याच्यामागे रांगायची, असं तिचं म्हणणं. "तुमच्या हाकेला घरचं मांजर येत नाही," ती म्हणाली. बिचाऱ्याने रजा टाकून तीन दिवसांचा नेतृत्वाचा क्लास केला. छाती पुढे, आवाज भारदस्त, नजरेला नजर. घरी आरशासमोर सराव केला, तर आरशातला माणूस दर वेळी खाली बघायचा.

निवडीच्या दिवशी, मालक यायच्या सुमारालाच, छताखालची पाण्याची नळी फुटली. खाली परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या कागदाच्या थप्प्या. मेहुण्याने टेबलावर चढून एका दमात पाच हुकूम सोडले. निम्मे लोक आत धावले, निम्मे बाहेर, आणि सगळे दारात अडकले. मुद्रितशोधकाला छाती पुढे काढायची होती, पण तिची नुसती धडधड चालली होती. कुणीतरी ओरडून विचारलं, आता काय करायचं? समोर आलेल्या प्रत्येक कागदाला तो जे म्हणे, तेच तोंडातून निघालं.

"बघतो."

झालं. हा आता सगळं बघणार असं धरून लोक त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. त्याला खरोखर फक्त बघायचं होतं. वीस वर्षं तो तेवढंच करत आला होता, चूक दिसली की बोट ठेवायचं. तो पुटपुटला, विजेचं बटण चालूच आहे. मेहुण्याने उडी मारून बटण बंद केलं. तिसरी थप्पी भिजतेय. तिघांनी ती उचलली. वरची चावी उलटी फिरतेय. शिडीवरच्याने सुलटी फिरवली. भीतीने तो स्वतः मात्र जागचा हलला नाही.

पाणी थांबलं. मालक केव्हाचे दारात उभे होते. विजार वर दुमडून ते आत आले.

"आरडाओरडा नाही, धावाधाव नाही. फोरमन तुम्हीच."

मेहुण्याचा चेहरा पडला. "मालक, भावजी क्लासला जाऊन आलेत म्हणून..."

"क्लासने काय होतंय? ही गोष्ट शिकून येत नाही. रक्तातच असावी लागते."

मुद्रितशोधकाला गहिवरून आलं. जन्मात पहिल्यांदा त्याची छाती आपोआप पुढे आली. मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तेव्हा सोमवारपासून रोज तासभर सगळ्यांना हे शिकवा. सुरुवात मेहुण्यापासून करा."