विस्तव रजेवर आहे

पास्कूमास्तर कुणाच्याही घरी गेले की आधी सरळ स्वयंपाकघरात शिरत आणि गॅस बंद करत. वर दूध असो, डाळ असो, त्यांना काही देणंघेणं नसे. कुकरची दुसरी शिट्टी झालेली असली तर तिसरी ते होऊ देत नसत. त्या काळी आमच्या इमारतीत जितक्या डाळी कच्च्या राहिल्या, तितक्या अख्ख्या वसईत राहिल्या नसतील. वर ओट्यापाशी उभे राहून, हजेरी घेतल्यासारखं सांगायचे, "विस्तव रजेवर आहे."

बायका चिडायच्या. पण माणूस असा साधा, की चिडून झालं की आपणच त्यांना बसायला खुर्ची द्यायचो.

मास्तर तळमजल्यावर एकटे राहत, आम्ही पहिल्या मजल्यावर. मराठी शाळेत उभी हयात शिकवून निवृत्त झालेले. लग्न केलेलं नव्हतं. गाव जवळच, नंदाखाल. तिथे धाकट्या भावाची केळीची वाडी होती. चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपली की सायकल मारत भावाकडे जायचे आणि संध्याकाळी केळ्यांच्या फण्या, नारळ, कसलीकसली पानं घेऊन परत. भाऊ आज राहा म्हणायचा, वहिनी म्हणायची, पण मास्तर एकदाही मुक्कामाला राहिले नाहीत. का, ते मला पुष्कळ पुढे कळलं.

आता या माणसाच्या घरात शेगडी नव्हती. स्टोव्ह नव्हता. काड्यापेटीसुद्धा नव्हती. येशूच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची तर आमच्याकडून एक काडी मागून न्यायचे. दोन दिलेल्या चालत नसत. चहाला नाक्यावर जात. तिथे विस्तव चालतो वाटतं, असं मी एकदा चिडवलं, तर म्हणाले की तो धंद्याचा आहे, त्याच्या रजेचा अधिकार मला नाही.

आणि जेवायचे काय? तर दूध-पोहे, ताकात कालवलेलं लाह्यांचं पीठ, सातूचं पीठ गूळदुधात, पाव आणि शिकरण. भिजवलेले मूग, त्यावर काकडी आणि लिंबू. पण त्यांचा खरा अभिमान म्हणजे दडपे पोहे. पातळ पोहे, त्यावर ओला नारळ, काकडी, कोथिंबीर, मीठ-साखर, लिंबू. वरून नारळाच्या पाण्याचा हबका. मग ताट झाकायचं आणि वर वजन म्हणून ठेवायची कोळशाची पितळी इस्त्री. भंगारवाल्याकडून आणलेली, दोन हातांनी उचलावी लागेल अशी जड. तिच्यात त्यांनी जन्मात कोळसा घातला नाही. अर्ध्या तासाने इस्त्री उतरवून म्हणायचे, "बघा. कपड्यांवर फुकट घालवतात लोक."

फोडणी मात्र नाही. आम्ही चिपळूणकडची माणसं. दडप्या पोह्यांवर हिंग-मिरचीची फोडणी नाही हे माझ्या आईने ऐकलं असतं तर तिने मास्तरांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं असतं. मीही नाक मुरडायची. पुढे त्याच नाकाने मला असा धडा शिकवला की विचारू नका.

छबी सहा वर्षांची, बाळू तीनचा, आणि मला तिसऱ्यांदा दिवस गेले. पहिल्या दोन खेपांना काही म्हणजे काही झालं नव्हतं, आणि या वेळी सगळी कसर भरून निघाली. शेजारी फोडणी पडल्याचा नुसता आवाज आला तरी पोटात ढवळायचं. तांदूळ शिजल्याचा वास, तापलेल्या तव्याचा वास, अगदी दुधाचा सुद्धा. सकाळची दुपार आणि दुपारची संध्याकाळ मोरीच्या उंबऱ्यावर बसून व्हायची. हे पहाटे कामावर जायचे ते दिवेलागणीला परत. मुलांना सकाळी बिस्कीट, दुपारी बिस्कीट. बाळू तर बिस्किटालाच 'भात' म्हणायला लागला. ऐकून हसू यायचं आणि मग रडू.

शेवटी ह्यांनी माझ्या भावाला पत्र टाकलं. रविवारी ये आणि छबीला घेऊन जा, बाळंतपण होईपर्यंत तिकडच्याच शाळेत घालू. बाळू लहान, तो राहील माझ्याजवळ. सगळ्यांकडे तेव्हा असंच करायचे, त्यात काही वावगं नव्हतं. मी छबीचे कपडे निळ्या पिशवीत भरले आणि पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवली. छबी येता-जाता पिशवीकडे बघायची आणि बाजूने अंग चोरून जायची.

ही बातमी खाली नेली ती तिनेच. शिकवणीला गेली होती मास्तरांकडे, पाढे म्हणायचे सोडून हेच सांगितलं.

मास्तर तडक वर आले. सवयीने स्वयंपाकघरात गेले, गॅसच्या बटणाला हात घातला. गॅस बंदच होता. तीन दिवस पेटलाच नव्हता. माणूस एवढा गडबडलेला मी कधी पाहिला नाही. बटणावर हात ठेवून तसेच उभे राहिले. मग बाहेर येऊन म्हणाले, "वहिनी, रविवारपर्यंत ही दोघं माझी. नाही जमलं तर खुशाल पाठवा."

त्या दिवसापासून त्यांनी आमच्या मुलांची शाळाच भरवली. बाराला हजेरी. बाळूने केळी कुस्करायची, छबीने काकडी चोचवून बारीक करायची. सातूचं पीठ कालवताना गुठळी राहिली तर पुन्हा पहिल्यापासून. बाळूच्या भुवयांना पीठ, केसांना केळं, पण पोट भरलेलं. एक वाटी माझ्यासाठी वर यायची, थंडगार, बिनवासाची. चार दिवसांत पहिल्यांदा माझ्या पोटात काही टिकलं ते लिंबू पिळलेले दडपे पोहे. बिनफोडणीचे. मी मनातल्या मनात आईची माफी मागितली.

इतकंच करून थांबतील तर ते मास्तर कसले. तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतवहिनी रोज सकाळी सुकट भाजायच्या. मास्तर वर गेले आणि त्यांना सुकटीची वेळ बदलायला सांगितलं. सावंतवहिनी म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या शाळेत माझं नाव घातलेलं नाही." दोघांचं असं वाजलं की जिन्यात माणसं जमली.

आणि गुरुवारी छबी बिनसली. पोहे नकोत, सातू नको, तिला गरम वरणभात हवा होता, तूप घातलेला. भोकाड पसरून बसली. मास्तरांचा चेहरा उतरला. मला वाटलं, झालं, शाळा बुडाली. थोड्या वेळाने जिन्यात चाहूल लागली म्हणून दार किलकिलं करून पाहिलं. मास्तर वरच्या पायरीवर बसले होते, मांडीवर सावंतवहिनींचा डबा, आणि छबीला वरणभाताचे घास भरवत होते. ज्या बाईशी आदल्या दिवशी कडाकडा भांडले, तिच्याच दारात हात पसरून आले होते. आमच्या घरात वास जाऊ नये म्हणून पायरीवर बसले. मला बघून ओशाळले. म्हणाले, "आज अर्धीच रजा."

दुसऱ्या दिवसापासून सावंतवहिनींनी सुकट दुपारी भाजायला घेतली. 

रविवारी माझा भाऊ आला. खाण्यातला मोठा दर्दी. छबीने त्याच्यापुढे स्वतः केलेल्या दडप्या पोह्यांची बशी ठेवली. इस्त्री मास्तरांनी उचलली होती, बाकी सगळं तिचं. भावाने पहिला घास घेतला आणि फोडणी विसरलीस का विचारलं. दुसरी बशी मागताना विचारलं नाही. तिसऱ्या बशीनंतर म्हणाला की हिला मी नेऊन काय खायला घालू, हिनेच येऊन आम्हाला शिकवावं. आणि संध्याकाळी एकटाच परत गेला.

मास्तर त्या रविवारी नंदाखालला गेले नव्हते. सगळे पांगल्यावर वर आले, खिळ्यावरची निळी पिशवी काढली, आणि छबीचे परकर, फ्रॉक एकेक करून पलंगावर ठेवायला लागले. मी म्हटलं, राहू द्या मास्तर, मी करते नंतर.

"नंतर नको," ते म्हणाले. "राहून जातं."

मग कपड्यांच्या घड्या करता करता, धडा वाचून दाखवावा तसं सांगितलं. ते सहा वर्षांचे होते. धाकटा भाऊ पोटात होता आणि आईला असाच त्रास. चुलीपुढे बसवेना. बांद्र्याची आत्या न्यायला आली. "मी आईला म्हटलं, मला शिजवलेलं काहीच नको, मी कोरडे पोहे खाईन. ती हसली. म्हणाली, दोनच महिने."

मी विचारलं, मग?

"मग मॅट्रिकपर्यंत आत्याकडेच. नंदाखालला यायचो ते पाहुण्यासारखा, संध्याकाळी परत. चांगली होती आत्या." शेवटच्या फ्रॉकवरून हात फिरवत म्हणाले, "दोन्ही वेळ गरम जेवण घालायची."

रिकाम्या पिशवीची चौकोनी घडी करून त्यांनी माझ्या हातात दिली आणि खाली गेले.

मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. इस्त्री माझ्याकडे आहे. आमच्या इमारतीत आता कुणीही धाडकन येऊन गॅस बंद करत नाही. डाळी मऊ शिजतात.

छबी विरारला असते. परवा तिचा फोन आला, आवाज पार खोल गेलेला. दुसऱ्यांदा दिवस गेलेत आणि पाण्याचा घोट ठरत नाही. नातू पाच वर्षांचा, तिची नोकरी, जावई दिवसभर बाहेर. आईचं मन, दुसरं काय सुचणार? मी म्हटलं, त्याला पाठव माझ्याकडे, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे.

बोलून गेले, आणि माझं मलाच ऐकू आलं.

पलीकडून छबी मग म्हणाली, "आई, मास्तरांची इस्त्री आहे ना अजून?"

उद्या सकाळी घेऊन निघते आहे. चिंच लावून लखलखीत केलीय. या वयात झेपणार नाही इतकी जड आहे, पण खाली चाकांची ती बॅग असते ना, तिच्यात घातली आहे. सोबत पातळ पोहे आणि दोन नारळ.