मधलं कॉम्प्युटर बघून घेईल

दत्ताराम परब कुणालाही हकिगतीचा मधला भाग सांगू देत नसत. माझ्या मुलाचे लग्न कसे जमले, हे मी सांगू लागलो की ते हात वर करत. "नाना, पहिली फ्रेम सांगा, शेवटची सांगा. मधलं कॉम्प्युटर बघून घेईल."

मीरा रोडच्या आमच्या सोसायटीत हे गृहस्थ आधी विक्षिप्त आणि पुढे वाह्यात ठरवले गेले. पहिले विशेषण मला मान्य आहे. दुसरे धादांत खोटे आहे. ज्यांनी ते पसरवले, त्यांच्यापैकी एकही जण तेव्हा परबांच्या शेजारी बसलेला नव्हता. मी होतो.

परब कापडगिरणीत साड्यांची डिझाइने काढत. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी उतारवयात अ‍ॅनिमेशनचा क्लास लावला आणि स्थानिक केबलवरच्या हलत्या जाहिराती करू लागले. त्यातील 'मोशन ट्वीन' नावाच्या सोयीवर त्यांचा जीव जडला. साडी पडद्याच्या डाव्या कडेला ठेवायची, मग उजव्या कडेला ठेवायची. मधली सगळी चित्रे यंत्र स्वतः भरते. एकेक फूल हाताने रंगवण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याला हे अद्भुत वाटल्यास नवल नव्हे.

मग त्यांच्या पत्नी, सुलभावहिनी, न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचे ऑपरेशन नीट पार पडले. डॉक्टरांनी मात्र बजावले, की रोज चालवा, नाहीतर पाय कायमचा आखडेल. वहिनी पलंगाच्या कडेला येत, वॉकर धरत आणि थरथरू लागत. "पाऊल कसं टाकायचं तेच आठवत नाही हो," म्हणत. दिवस हातचे जात होते. परबांना जेवण जाईना.

अखेर त्यांनी आपल्या परीने उपाय काढला. वहिनींचे चित्र पहिल्या फ्रेममध्ये पलंगाशी ठेवले, शेवटच्या फ्रेममध्ये गॅलरीत, आणि ट्वीन लावले. स्वतःला चालताना बघून तिला धीर येईल, असा त्यांचा कयास. पडद्यावरच्या वहिनी पाय न हलवता पलंगापासून गॅलरीपर्यंत सरकत गेल्या.

"अगं बाई, ही चालतेय कुठे?" खऱ्या वहिनी म्हणाल्या. "मला स्ट्रेचरवरून नेलं, तसं हिला ढकलत नेतायत." आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

दुसऱ्या दिवसापासून परब फाटकापाशी खुर्ची टाकून, मांडीवर कागद घेऊन, येणाऱ्याजाणाऱ्या बायकांची पावले निरखू लागले. टाच कधी उचलते, गुडघा कुठे वाकतो, साडीचा काठ केव्हा हलतो. लवकरच सेक्रेटरी मेहता अवतरले.

"परबसाब, लेडीज लोग का कंप्लेंट आया है. इस उमर में अच्छा नहीं लगता."

"मेहता, आपको ड्रॉइंग में क्या समजता है? जाइए," मी म्हणालो. या प्रसंगी मी मेहतांची माफी मागितली, असे जे सांगितले जाते, तेही खोटे आहे.

ते गेल्यावर मात्र मी परबांना फैलावर घेतले. "अहो, लोकांच्या बायकांचे पाय कशाला? वहिनींची चाल तुम्हाला ठाऊक असेलच की."

परबांनी पेन्सिल कागदावर ठेवली. "बाजारात, देवळात, तिच्या माहेरी जाताना, मी कायम पुढे. निघताना ती दारात दिसायची, पोचल्यावर शेजारी दिसायची. मध्ये ती कशी चालते, ते मी कधी वळून बघितलंच नाही, नाना."

त्यांनी ट्वीन काढून टाकले आणि एकेक पाऊल हाताने रेखाटले. माझ्या देखत ते वहिनींना दाखवले. पडद्यावरची बाई संथपणे, डौलात गॅलरीत पोचली. वहिनींनी ते पुन्हा लावायला सांगितले.

"ही मी नव्हे," त्या म्हणाल्या. "मी अशी कधी चालले? तुमच्या मागे धावायलाच लागायचं. एका हातात पिशवी, एका हातात निऱ्या."

"मग कशी ते सांग. मी बदलतो."

"सांगून कळतंय होय तुम्हाला." त्यांनी वॉकर ओढून घेतला आणि पाय जमिनीला टेकवला. परब लगबगीने समोर गेले.

"पुढे नका जाऊ," वहिनी म्हणाल्या. "मागे राहा आणि बघा."

हल्ली संध्याकाळी वहिनी पुढे आणि परब मागे, असे दोघे आवारात फिरतात. परब बायकोला घाबरून मागे राहतात, अशी नवी आवृत्ती मेहतांनी काढली आहे. परब घाबरतात, एवढेच त्यात खरे आहे. वहिनींचे पाऊल उचलले गेल्यापासून ते खाली टेकेपर्यंत ते श्वास घेत नाहीत.