मंद ज्योतीची फाईल

सरकारी अनुदान नको म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. जानेफळचे तुळशीरामनाना.

तेव्हा गोबरगॅसची योजना नवी होती आणि तिच्या प्रचाराला लागलेला मीही नवाच होतो. लोक एका म्हशीच्या चार दाखवून अर्ज करत. तपासणीच्या दिवशी एकच म्हैस मागच्या दाराने तीन गोठ्यांत हजर व्हायची; शेवटी शेवटी तीही मला ओळखू लागली होती. नानांच्या गोठ्यात मात्र खऱ्या चार म्हशी, टाकी पक्की, शेगडी चकचकीत. शेवटचा हप्ता मिळायला फक्त एका कागदावर सही हवी होती : 'संयंत्र चालू असून लाभार्थ्याचे समाधान झाले आहे.'

नाना सही करत नसत. "तसं बेस हाये साहेब, पन समाधान म्हनसान तं नाई."

दर महिन्याला त्यांचं पोस्टकार्ड येई. ज्योत मंद आहे. पुढच्या महिन्यात, ज्योत निळी आहे पण पाहिजे तेवढी निळी नाही. एकदा तर चहाला शेणाचा वास येतो अशी तक्रार आली. आता ती तपासायची म्हणजे चहा पिणं आलं. मी एस.टी.ने हेलपाटे घालायचो. नाना शेगडीवर आधण ठेवत, आणि ते उकळेपर्यंत ज्वारीच्या कणसापासून बुलढाण्याच्या कोर्टापर्यंत सगळं सांगून होई. मी घड्याळ पाहिलं की म्हणत, "सरकारी योजना हाये साहेब. घाई कराची नाई." आमच्या कचेरीचा कारभार इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी सांगितला नाही.

अखेर वरून हुकूम आला, महिनाअखेर ही फाईल बंद करा. मी चिडूनच गेलो. या वेळी शेगडीपाशी न बसता टाकीपासून पाइप चाचपत निघालो. कडब्याच्या गंजीमागे पाइपावर कॉक होता, चिंधी गुंडाळून झाकलेला आणि अर्धा बंद. मी तो पूर्ण उघडला.

आत येतो तोवर आधणाला उकळी फुटली होती. पाच मिनिटांत चहा कपात आला. नाना कपाकडे बघत राहिले.

"झालाबी," ते म्हणाले.

कॉक कोणी बंद केला, असं मी आवाज चढवूनच विचारलं; फाईल बंद करायचा वरून हुकूम आलाय, हेही ऐकवलं. त्यांनी काही लपवलं नाही. पोरं दोघंही अकोल्याला नोकरीवर, येणं फक्त दिवाळीला. बायको जाऊन चार वर्षं झालेली. घरात बोलायला म्हशी तेवढ्या.

"फाईल बंद झाली म्हंजे तुमी काऊन येसान, साहेब?"

एवढं बोलून त्यांनी स्वतःच कागद मागून घेतला. तुमच्या नोकरीचा सवाल आहे म्हणाले, आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली. मला माझ्या चढलेल्या आवाजाची लाज वाटली.

सहीखाली अधिकाऱ्याच्या शेऱ्याची जागा मोकळी होती. तिथे मी लिहिलं : 'संयंत्र नमुनेदार. दरमहा पाहणी आवश्यक.'